घराच्या छतावर सौर पॅनल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलर बसवायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणत्या कंपनीचं पॅनल घेऊ?’ तो खरं तर शेवटी शेवटी यायला हवा. दर्जेदार पॅनलांमध्ये आपसांत फरक थोडाच असतो. छतावर सावली कधी येते आणि घरात वीज कधी लागते, यावरून पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा. म्हणून खालच्या उत्तरांत कंपन्यांची तुलना सापडणार नाही. सावली आणि घड्याळ मात्र पुन्हा पुन्हा भेटतील.

किती किलोवॉटची यंत्रणा लागेल?

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि त्यातली रक्कम सोडून युनिटं बघा. चांगलं ऊन मिळणाऱ्या प्रदेशात १ किलोवॉटची पॅनलं वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज देतात. ढगाळ किंवा विषुववृत्तापासून लांबच्या प्रदेशात हा आकडा ३ किंवा त्याच्याही खाली येतो. महिन्याला ३०० युनिटं जळत असतील तर दिवसाचा वापर झाला १० युनिटं, म्हणजे अडीच किलोवॉट. धूळ, उष्णता आणि वायरमधली घट धरून ३ किलोवॉट पुरेसे.

हे झालं कागदावरचं गणित. आता दुसरा भाग, जो बहुतेक जण सोडून देतात. त्या १० युनिटांतली किती दिवसा जळतात? घरातले सगळे सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतत असतील तर दुपारी फ्रिज आणि राउटर सोडून काहीच चालू नसतं. अशा घरात जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, कोणत्या अटींवर देता येते, यावर सगळा हिशेब फिरतो. दिवसा घरातूनच काम चालत असेल, किंवा पंप, वॉशिंग मशीन, गीझर दुपारकडे ढकलता येत असेल, तर तेवढीच पॅनलं जास्त पैसे वाचवतात.

त्यासाठी जागा किती हवी?

हल्लीचं घरगुती पॅनल ४०० ते ५५० वॉटचं, साधारण दोन ते अडीच चौरस मीटरचं आणि २० ते ३० किलो वजनाचं असतं. उतरत्या छताला चिकटून बसवली तर १ किलोवॉटला ५ चौरस मीटर पुरतात. सपाट गच्चीवर रांगा तिरक्या उभ्या राहतात, पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू नये म्हणून मध्ये मोकळी जागा सोडावी लागते आणि साफसफाईला वाटही ठेवावी लागते. तिथे ८ ते १० चौरस मीटर धरा.

पॅनलवर ५०० वॉट लिहिलंय, मग वीज मोजून दाखवणाऱ्या ॲपमध्ये ४०० च का दिसतात?

पॅनलवरचा आकडा प्रयोगशाळेतला आहे : दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं (पॅनलमधल्या वीज तयार करणाऱ्या प्रत्येक तुकड्याचं) तापमान २५ अंश सेल्सिअस. छतावर या दोन्ही गोष्टी एका वेळी क्वचितच जुळून येतात. कडक उन्हात सेल हवेपेक्षा २५–३० अंशांनी जास्त तापतो. त्यावर थोडी धूळ, वायरमधली घट, इन्व्हर्टरमधली (पॅनलची वीज घरच्या उपकरणांना चालेल अशी करणाऱ्या यंत्रातली) घट. ऐन दुपारी लिहिलेल्या क्षमतेच्या ७५ ते ८५ टक्के मिळत असेल तर यंत्रणा ठणठणीत आहे.

म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त वीज मिळत नाही?

दिवस मोठा असल्यामुळे दिवसभराची बेरीज उन्हाळ्यात चांगली येते, पण एखाद्या क्षणाची सर्वाधिक वीज बहुधा थंड, स्वच्छ, वाऱ्याच्या दिवशी मिळते. पॅनल प्रकाशावर चालतं, उष्णतेवर नाही. सिलिकॉनच्या पॅनलची क्षमता २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घसरते. सेल ६५ अंशांवर गेला की १२ ते १६ टक्के वीज उष्णतेनेच खाल्ली. पॅनल आणि छत यांच्यामध्ये वीतभर तरी हवा खेळती ठेवायची ती यासाठी. पत्र्याला अगदी चिकटवून बसवलेली पॅनलं दिसायला छान, पण उन्हाळ्यात ती उगाच जास्त तापतात.

टाकीची थोडीशी सावली पडते. एवढ्याने काय होतं?

पुष्कळ होतं.

पॅनलमधले सेल एकामागे एक, मालिकेत जोडलेले असतात आणि पॅनलंही बहुतेक वेळा तशीच जोडतात. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून हातोहात बादल्या पुढे द्याव्यात, तसं हे काम चालतं : एक जण मंद झाला की सगळी रांग त्याच्याच वेगाने चालते. सावलीतला सेल हाच तो मंद गडी. वीज तयार करण्याऐवजी तो दुसऱ्या सेलांची वीज अडवून स्वतः तापायला लागतो. असा सेल वर्षानुवर्षं तापत राहिला की तिथे तपकिरी डाग पडतो, मागचा थर जळतो. याला हॉटस्पॉट म्हणतात.

यावर उपाय म्हणून पॅनलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. सावली पडलेला तिसरा हिस्सा वगळून ते वीज पुढे जाऊ देतात. म्हणजे हाताएवढी सावली पडली तरी पॅनलचा तिसरा हिस्सा बाद होऊ शकतो. अर्धे कापलेले सेल वापरणाऱ्या नव्या पॅनलांत वरचा आणि खालचा भाग स्वतंत्र चालतो, त्यामुळे खालच्या कडेवर सावली आली तरी वरचा भाग काम करत राहतो. तरी सावलीवर खरा इलाज एकच, तिच्यात पॅनल न बसवणं.

ती मोजायची कशी? वर्षात सूर्य सर्वात खाली असतो तेव्हा सावल्या सर्वात लांब पडतात. उत्तर गोलार्धात २१–२२ डिसेंबरच्या आसपास, दक्षिण गोलार्धात २१ जूनच्या आसपास. त्या सुमारास सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता छताचे फोटो काढले की चित्र स्पष्ट होतं. तेवढं थांबायचं नसेल तर सूर्याचा मार्ग दाखवणारी मोबाइल ॲप आहेत. जिन्यावरची खोली, टाकी, अँटेना, शेजारचं झाड यांची नोंद करा. झाड वाढतं, हेही धरून चाला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या मजले चढू शकतात. त्यावर आज इलाज नाही, पण जागा निवडताना त्या बाजूपासून शक्य तेवढं लांब राहा.

दिशा आणि कोन कोणता ठेवावा?

तोंड विषुववृत्ताकडे : उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. कोन ढोबळमानाने ठिकाणाच्या अक्षांशाएवढा. विषुववृत्ताजवळ हिशेबाने पॅनल जवळपास आडवं ठेवता येईल, पण निदान १० अंशांचा उतार द्यावा. नाहीतर पाणी साचतं आणि वाळल्यावर खालच्या कडेला मातीची रेघ उरते.

दोन-चार अंश इकडेतिकडे झाले म्हणून काही बिघडत नाही. पूर्व-पश्चिम उताराचं छत असलं तरी निराश व्हायचं कारण नाही. एकूण वीज थोडी कमी मिळते, पण ती सकाळ-संध्याकाळ पसरून मिळते, आणि अनेक घरांत वापरही तेव्हाच असतो.

ढगाळ दिवशी वीज मिळते का? आणि चांदण्यात?

दाट ढगांत क्षमतेच्या १० ते २५ टक्के मिळते. विरळ ढगांत त्याहून बरीच जास्त. कधी कधी ढगाच्या कडेने प्रकाश परावर्तित होऊन क्षणभर अपेक्षेपेक्षा जास्त वीज येते. ॲपमध्ये असं टोक दिसलं तर मीटर बिघडलेलं नाही. चांदण्याचा प्रश्न वाटतो तितक्या गमतीने विचारला जात नाही, म्हणून उत्तर : पौर्णिमेचा चंद्रप्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्शाएवढा असतो. इन्व्हर्टर जागासुद्धा होत नाही.

छतावर ऊन आहे, पण ग्रीडची वीज गेली की घरात अंधार. असं का?

यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण विकणाऱ्याने हे आधी सांगितलेलं नसतं. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की काही क्षणांत स्वतःहून बंद होतो, आणि तसा तो व्हायलाच हवा. बाहेर तार दुरुस्त करायला खांबावर चढलेला माणूस लाइन बंद आहे असं समजून हात घालतो; त्याच वेळी एखाद्या घरातून त्या तारेत वीज सोडली गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. दुसरं कारण तांत्रिक. हा इन्व्हर्टर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ग्रीडकडे पाहून जुळवतो. ग्रीड गेलं की जुळवायला समोर काही उरत नाही.

वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. वीज जाताच तो घराला ग्रीडपासून तोडतो आणि निवडक सर्किटं स्वतःच्या बळावर चालवतो. कोणती सर्किटं त्यावर ठेवायची हे वायरिंगच्या वेळीच ठरवा : दिवे, पंखे, फ्रिज, इंटरनेट. नंतर बदलायचं तर भिंती फोडाव्या लागतात. दिवसातून पाच-दहा मिनिटंच वीज जात असेल तर या सगळ्याची गरज नाही.

बॅटरी घ्यावीच का?

दोन प्रकारच्या घरांनी जरूर विचार करावा : जिथे वीज वारंवार आणि तासन्‌तास जाते, आणि जिथे ग्रीडला दिलेल्या युनिटांचा मोबदला विकत घेतलेल्या युनिटांपेक्षा खूप कमी असतो. बाकीच्यांनी आधी पॅनलं बसवावीत, वर्षभर आकडे बघावेत आणि मग ठरवावं. त्यासाठी बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर आधीच घेऊन ठेवला की वाट मोकळी राहते.

क्षमतेचा अंदाज असा. ५ किलोवॉटतासांची, म्हणजे ५ युनिटांची, लिथियम बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत वापरली आणि रूपांतरातली घट वजा केली तर हातात साधारण ४ युनिटं पडतात. ५० वॉटचे तीन पंखे आठ तास चालले तर १.२ युनिटं, रात्रभर फ्रिज सुमारे अर्धं युनिट, दिवे आणि राउटर मिळून अर्धं. म्हणजे रात्र आरामात निघते. पण तासाला सव्वा युनिट खाणारा एसी लावला की तीन तासांत खेळ संपला.

शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त पडते, पण ती निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं तर लवकर मरते. तिला वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून खोली हवेशीर हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हजारो वेळा भरते-उतरते, देखभाल जवळपास नाही आणि उष्णतेत लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा स्थिर राहते. तिचं वावडं थंडीशी : शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. नव्या घरासाठी मी तरी शिसे-आम्लाच्या वाटेला जाणार नाही.

नेट मीटरिंग म्हणजे नेमकं काय?

मीटर दोन्ही बाजूंनी मोजतं, ग्रीडमधून किती आली आणि ग्रीडला किती गेली. नेट मीटरिंगमध्ये युनिटाला युनिट वजा होतं. दुपारी दिलेलं युनिट रात्री परत घेतल्यासारखंच. नेट बिलिंगमध्ये दिलेल्या युनिटांना वेगळा, बहुधा कमी दर लावून ती रक्कम बिलातून वजा करतात. ग्रॉस मीटरिंगमध्ये तयार झालेली सगळी वीज आधी विकली जाते आणि घरासाठी नेहमीच्या दराने घेतली जाते. पहिल्या पद्धतीत घड्याळाकडे बघायची गरज जवळपास उरत नाही. दुसऱ्या पद्धतीत वॉशिंग मशीन दुपारी लावणं हीच कमाई. कोणती पद्धत लागू आहे, शिल्लक युनिटं किती काळ पुढे धरतात आणि घराच्या मंजूर भारावर काही मर्यादा आहे का, हे ऑर्डर देण्याआधी वीज कंपनीकडून लेखी घ्या.

मोनो, पॉली, बायफेशियल : काय निवडावं?

मोनो म्हणजे एकाच स्फटिकातून कापलेल्या सिलिकॉनचे सेल, पॉली म्हणजे अनेक स्फटिकांच्या सिलिकॉनचे. पॉली आता मागे पडलं आहे. मोनो पॅनलांची कार्यक्षमता २० ते २३ टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला पाचवा हिस्सा वीज होतो. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी : १९५४ मध्ये बेल लॅब्जमध्ये दाखवलेला पहिला कामाचा सिलिकॉन सेल ६ टक्क्यांचा होता. बायफेशियल पॅनल मागच्या बाजूनेही प्रकाश घेतं. गच्ची पांढऱ्या रंगाची आणि पॅनल पुरेसं उंच असेल तरच त्याचा खरा फायदा. उतरत्या कौलांना चिकटवून लावलं तर मागच्या बाजूला अंधारच.

स्ट्रिंग इन्व्हर्टर की मायक्रो इन्व्हर्टर?

मालिकेत जोडलेल्या पॅनलांच्या रांगेला स्ट्रिंग म्हणतात; स्ट्रिंग इन्व्हर्टर सगळ्या रांगेला मिळून एकच असतो. सगळी पॅनलं एकाच दिशेला आणि सावलीमुक्त असतील तर स्ट्रिंग. स्वस्त, आणि बिघडला तर जमिनीवर उभं राहून बदलता येतो. छत तुकड्यातुकड्यांचं, दिशा वेगवेगळ्या किंवा सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनलखाली त्याचा स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर, म्हणजे मायक्रो. पॅनलांची एकूण क्षमता इन्व्हर्टरपेक्षा १० ते ३० टक्के जास्त ठेवणं ही फसवणूक नाही. पॅनलं पूर्ण क्षमतेला क्वचितच पोचतात, त्यामुळे इन्व्हर्टर असाच नीट भरून चालतो.

छत गळेल का? वादळात पॅनलं उडतील का?

गळणार असेल तर ते भोकं पाडणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. सपाट गच्चीवर दोन पद्धती : स्लॅबमध्ये अँकर ठोकून त्याभोवती नीट सील करणं, किंवा भोक न पाडता काँक्रीटचे ठोकळे वजन म्हणून ठेवणं. दुसऱ्या पद्धतीत वॉटरप्रूफिंग शाबूत राहतं, पण छतावर भार वाढतो. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर ते आधी उरका. नंतर सगळा सांगाडा उतरवायचा म्हणजे दुप्पट खर्च.

वारा पॅनलला खाली दाबतो त्यापेक्षा वर उचलतो, तेही गच्चीच्या कडेला आणि कोपऱ्यांवर जास्त. म्हणून कडेपासून थोडं आत या. सांगाडा गरम झिंकात बुडवलेल्या लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा हवा, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारलेला सांगाडा दिसला तर काम थांबवा, कारण वेल्डिंगच्या जागी झिंक जळून गेलेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. गारांबद्दल : प्रमाणित पॅनलांवर चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने आदळवतात. नेहमीच्या गारांना ती पुरून उरतात, लिंबाएवढ्या गारांची हमी कोणी देत नाही.

आग किंवा शॉकचा धोका किती?

नीट काम झालं असेल तर कमी. पण यात एक गोष्ट घरच्या वायरिंगपेक्षा वेगळी आहे, ती समजून घ्या. पॅनलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. मालिकेत जोडलेल्या पॅनलांचं डीसी व्होल्टेज ३०० ते ६०० पर्यंत सहज जातं, आणि ऊन आहे तोवर पॅनल ‘बंद’ करता येत नाही. मेन स्विच पाडला तरी छतावरची वायर जिवंतच असते. घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी; तिची ठिणगी दर सेकंदाला कित्येकदा शून्यावर येऊन विझू शकते. डीसीची ठिणगी पेटलेलीच राहते.

बहुतेक आगींचं मूळ पॅनलमध्ये नसून जोडणीत सापडतं : ढिला कनेक्टर, पकडीने दाबून बसवलेला पिन, दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसवलेले कनेक्टर. ते बसतात, घट्टही वाटतात, पण आतून तापत राहतात. वायर उन्हात टिकणारी, खास सोलरसाठीची हवी आणि छतावर लोळत न ठेवता पाइपातून किंवा बांधून नेलेली हवी. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना व्होल्टेजचे अचानक झटके थोपवणारे सर्ज प्रोटेक्टर, सांगाड्याला आणि पॅनलच्या चौकटींना अर्थिंग. आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक लावायचा तर त्याची सावली पॅनलवर पडणार नाही अशा बेताने. पुन्हा सावली.

पॅनलं कशी आणि कधी धुवावीत?

पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, साधं पाणी आणि मऊ ब्रश किंवा फडकं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. साबण नको, त्याचा थर उरतो आणि धूळ त्यावर आणखी चिकटते. बोअरचं जड पाणी असेल तर वाळू न देता रबरी पट्टीने निथळा, नाहीतर पांढरे डाग पडतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात.

किती दिवसांनी, ते धूळ ठरवते. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाजवळच्या घराला आठवड्या-पंधरवड्याला, हिरवळीतल्या घराला महिन्याने. पावसाळ्यात बहुधा गरजच नाही. पक्ष्यांची विष्ठा मात्र पावसाने जात नाही, ती एखाद्या सेलवर बसून सावलीचंच काम करते. दिसली की काढा. आणि पॅनलवर पाय ठेवू नका. काच फुटत नाही म्हणून काही झालं नाही असं वाटतं, पण आतल्या सेलांना केसासारख्या चिरा जातात.

पॅनलं किती वर्षं टिकतात?

पॅनल २५ वर्षं आणि त्यापुढेही. वर्षाला साधारण अर्धा टक्का क्षमता कमी होते. इन्व्हर्टर १० ते १५ वर्षांचा गडी, म्हणजे पॅनलांच्या आयुष्यात तो एकदा तरी बदलावा लागणार. तो खर्च आजच हिशेबात धरा. वॉरंटी वाचताना दोन गोष्टी वेगळ्या करा. २५ वर्षांची असते ती कामगिरीची हमी. काच, चौकट, जोडणी यांतल्या दोषांची हमी बहुधा तिच्याहून कमी वर्षांची. गरज पडते ती दुसरी.

वीज कमी येतेय असं वाटतं. कुठून शोधायला सुरुवात करू?

कालच्या दिवसाशी तुलना करू नका, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा. फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आधी धुवून बघा. मग ॲपमधला स्वच्छ दिवसाचा आलेख उघडा. तो घुमटासारखा गुळगुळीत हवा. रोज ठरावीक वेळीच खड्डा पडत असेल तर सावली आहे. माथा सपाट कापल्यासारखा असेल तर इन्व्हर्टर त्याच्या मर्यादेला पोचला आहे, चिंता नको. ऐन दुपारी आलेख शून्यावर पडून पुन्हा उठत असेल तर बहुधा ग्रीडचं व्होल्टेज जास्त आहे : आसपासची सगळी घरं एकदम वीज ढकलतात, व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर सुरक्षेसाठी ग्रीडपासून सुटतो. हे वीज कंपनीला कळवायचं काम आहे, पॅनल बदलून काही होणार नाही.

पॅनल बनवायलाच इतकी वीज लागते, मग फायदा काय?

ती वीज पॅनल ठिकाण आणि प्रकारानुसार साधारण एक ते तीन वर्षांत परत देतं. आयुष्य संपल्यावर वजनाचा मोठा भाग काच आणि ॲल्युमिनियमचा असतो, ते वेगळं होऊ शकतं. सेल, चांदी, प्लॅस्टिकचे थर सोडवणं अवघड आणि महाग आहे, हेही खरं.

स्वतः बसवता येईल का? नाहीतर ठेकेदाराकडून काय काय मागून घ्यावं?

बागेतला दिवा किंवा एका पॅनलवरचा छोटा पंखा खुशाल स्वतः जोडा. छतावरची, ग्रीडला जोडलेली यंत्रणा परवानाधारकाकडूनच करून घ्या.

काम संपताना या गोष्टी हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका : वायरिंगचा आराखडा, प्रत्येक पॅनलचा आणि इन्व्हर्टरचा सिरियल नंबर, अर्थिंगचं आणि प्रत्येक स्ट्रिंगच्या व्होल्टेजचं मोजमाप, घरमालकाच्या नावावरची वॉरंटी. डीसी स्विच कुठे आहे आणि तो कोणत्या क्रमाने पाडायचा, हे घरातल्या सगळ्यांना दाखवायला सांगा. निरीक्षणाचं ॲप स्वतःच्या ईमेलवर नोंदवून घ्या. ते ठेकेदाराच्या खात्यावर राहिलं आणि पुढे त्याने व्यवसाय बंद केला, तर आपल्याच छतावरचे आकडे बघण्यासाठी ॲपच्या कंपनीकडे मालकीचे पुरावे पाठवत बसावं लागतं.